जमीन सुधारण्याआधी ती मोजा: सांगली जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याचा वार्षिक आराखडा करताना रस्ते, शाळाखोल्या, पाणीयोजना अशा शेकडो मागण्या आपल्यासमोर येतात. क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेली, जमीन सुधारायला निधी द्या, ही मागणीही त्यात असते आणि ती असायलाच हवी. माझी मागणी तिच्या एक पायरी अलीकडची आहे. जिल्ह्यातली जमीन कुठे बिघडली, किती बिघडली आणि नेमकी कशाने बिघडली, याचा गटनिहाय, म्हणजे जमिनीच्या एकेका नंबरानुसार, नकाशा करा. तो गावागावात लोकांना पाहता येईल असा ठेवा. मग सुधारणेचा पैसा त्या नकाशावरून ठरवा. आज तो अर्जांवरून ठरतो. अर्ज कोण करतो, तर ज्याला कागदपत्रं जमवायला सवड आहे तो. ज्याचं पाऊण एकर पांढरं पडलंय आणि जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो, त्याचा अर्ज सहसा आपल्यापर्यंत पोचतच नाही.

मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा ऊस उत्पादक आहे. माझी शेती काळ्या जमिनीत, ओढ्याच्या अंगाला. त्यामुळे हे सगळं लांबून पाहून लिहिलेलं नाही.

कोयनेचं धरण झालं, नदी बारमाही झाली, काठाकाठाने सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, साखर कारखाने आले. त्या पाण्याने आमच्या घरांत स्थैर्य आणलं, मुलांची शिक्षणं केली. पाण्याला दोष द्यावा असं माझ्या मनातही नाही. पण पाणी शेतात आणण्याची जेवढी व्यवस्था आपण केली, तेवढी ते शेतातून बाहेर काढण्याची केली नाही. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या जमिनीचं दुखणं इथून सुरू होतं.

नदीचं पाणी गोडं असतं, हे खरं. पण गोड्या पाण्यातही विरघळलेले क्षार असतातच. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. पिण्याला हे पाणी उत्तम. आता एका हेक्टरवर १ मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते होतं १ कोटी लिटर आणि त्याच्यासोबत शेतात येतात ३ टन क्षार. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षभरात याहून जास्तच पाणी जातं. पीक पाणी शोषून घेतं, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मात्र मागे राहतात. पावसाच्या पाण्याने ते धुऊन खाली गेले आणि तिथून ओढ्याला लागले, तर जमीन टिकते. काळ्या जमिनीत नेमकं हेच अवघड आहे. बेसाल्ट झिजून झालेली ही बारीक चिकणमाती. कोरडी असताना भेगाळते आणि ओली झाली की फुगून सगळ्या फटी मिटवते. मुरण अगदी सावकाश. त्यात खाली घट्ट थर लागला आणि ओढा बुजलेला असला, की भूजल वर वर चढतं. ते दीड मीटरच्या आत आलं की मातीच्या बारीक केशनळ्यांतून पाणी आपोआप पृष्ठभागाकडे खेचलं जातं, तिथे वाळतं आणि क्षार वर सोडून जातं. फाल्गुन-चैत्रात सरीच्या वरंब्यावर जे पांढरं फुटलेलं दिसतं, ते हेच.

याला एकटा शेतकरी जबाबदार धरला जातो, ते मला मान्य नाही. शेतीची वीज कित्येकदा रात्री येते. रात्री दोन वाजता बारं बदलायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीकडे वळवायला, कोण उभा राहणार? मोटार सुरू करून पाणी सोडून दिलं जातं. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाते, किती पाणी घेतलं यावर नाही. मग कमी पाणी घेणाऱ्याचा फायदा काय? शिवाय जो वरच्या अंगाला आहे त्याचं जादा झालेलं पाणी जमिनीखालून सरकत खालच्या अंगाच्या गटात निघतं. वरच्याचा ऊस तरारलेला असतो आणि खालच्याचा पिवळा. खालचा माणूस आयुष्यभर स्वतःच्या खतांना आणि बियाण्याला दोष देत बसतो.

बिघाड एका वर्षात होत नाही, म्हणून तो मोजला नाही तर लक्षातही येत नाही. आधी हरभरा जातो, कारण त्याला क्षार अजिबात सोसत नाहीत. मग शेताच्या खालच्या कोपऱ्यात उसाची उगवण तुटक होते. लावण कशीबशी येते, पण तोडणीनंतर बुडख्यातून येणारा खोडवा फुटत नाही. मग दरवर्षी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायच्या, युरियाचं एक पोतं वाढवायचं. वाफसा यायला, म्हणजे ओली जमीन कामाजोगी व्हायला, आठवडा जास्त लागतो. शेवटी त्या कोपऱ्यात काहीच न लावता बाकीचं रान करायचं. हा प्रवास पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि या सगळ्या काळात सातबाऱ्यावर ते क्षेत्र बागायत आणि पीक ऊस असंच राहतं. कागदावर जिल्ह्याची बागायत वाढत जाते. त्यातली किती जमीन आतून संपत आली आहे, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही.

नकाशे मुळीच नाहीत असं मी म्हणत नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा वाळवंटीकरण आणि भू-ऱ्हासाचा नकाशासंग्रह केला आहे. २०२१ साली आलेल्या आवृत्तीनुसार २०१८-१९ मध्ये देशातली ९ कोटी ७८ लाख ५० हजार हेक्टर जमीन, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २९.७७ टक्के, ऱ्हास पावलेली होती. २००३-०५ मध्ये हाच आकडा ९ कोटी ४५ लाख ३० हजार हेक्टर होता. आपलं राज्य या यादीत वरच्या राज्यांमध्ये आहे. देशाने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करण्याचा शब्द जगाला दिला आहे. हे काम मोठं आहे आणि देशाचं धोरण ठरवायला ते लागतंच. पण तो नकाशासंग्रह १:५,००,००० या प्रमाणात आहे. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५ किलोमीटर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये २,५०० हेक्टर बसतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने राज्याचा जो मृदा नकाशा केला, तो १:२,५०,००० प्रमाणाचा. त्यात चौरस सेंटिमीटरला ६२५ हेक्टर. आमच्याकडचं अख्खं गाव त्यात दोन-तीन नखांएवढं दिसेल. त्यावरून कुणाच्या गटातून निचऱ्याचा पाईप टाकायचा, हे ठरवता येणार नाही. त्यासाठी १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो, ज्यात चौरस सेंटिमीटर म्हणजे १ हेक्टर आणि ज्यावर भूमी अभिलेखाचे गट जसेच्या तसे बसवता येतात.

आता मृद आरोग्य पत्रिकेबद्दल, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या माती तपासणीच्या सरकारी कागदाबद्दल, कारण या विषयावर काही बोललं की ती पुढे केली जाते. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी असतात. खतांचं प्रमाण ठरवायला ती उपयोगी आहे आणि मी स्वतः तिचा उपयोग करतो. पण बिघडलेली जमीन ओळखायला ती अपुरी पडते, आणि याची कारणं कुणाच्या हलगर्जीत नाहीत, पद्धतीतच आहेत.

योजना सुरू झाली तेव्हा बागायत क्षेत्रात अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक, असा हिशेब होता. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे सव्वासहा एकर. आमच्याकडे सव्वासहा एकरांत चार-पाच खातेदार सहज निघतात. वरच्या अंगाची चांगली माती आणि खालच्या कोपऱ्यातली खराब माती एकत्र कालवली की अहवाल मध्यम येतो. चांगल्यालाही तोच कागद, खराबलाही तोच. दुसरं असं की नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटरचा घेतला जातो. क्षाराचं आणि पाण्याचं गणित खाली मीटरभर खोलीपर्यंत असतं. तिथे काय चाललंय ते वरच्या थरात उशिरा उमटतं. तिसरं, महिना. पावसाळा संपता संपता नमुना घेतला तर क्षार धुऊन खाली गेलेले असतात आणि आकडा कमी येतो. तोच गट एप्रिल-मेमध्ये तपासला तर आकडा भलताच वेगळा. पत्रिकेवर तारीख असते, पण दोन पत्रिकांची तुलना करताना ती कुणी पाहत नाही.

चौथं कारण जरा तांत्रिक आहे, पण समितीने ते समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. क्षारयुक्त जमिनीची जी मर्यादा सांगितली जाते, ४ डेसीसायमन प्रति मीटर (द्रावणातून वीज किती सहज वाहते त्याचं हे माप; क्षार जास्त, तेवढा आकडा मोठा), ती माती पाण्याने पुरती भिजवून केलेल्या संपृक्त लगद्याच्या अर्कात मोजलेल्या क्षारतेची आहे. नेहमीच्या प्रयोगशाळेत मात्र एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. पाणी जास्त, त्यामुळे द्रावण पातळ होतं आणि आकडा कितीतरी कमी येतो. शेतकऱ्याच्या हातात १.५ लिहिलेला कागद पडतो, कुणीतरी सांगतो की ४ च्या आत आहे, काळजी नको, आणि तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ती जमीन धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेली असू शकते. मोजणी कोणत्या पद्धतीने झाली हे प्रत्येक नोंदीसोबत लिहिलं गेलं, तरच जुने-नवे आकडे एका नकाशावर मांडता येतील.

पाचवं, मातीच्या कणांवर सोडियम किती बसलाय हे पत्रिकेत नसतंच. आणि आमच्याकडच्या जमिनीचा खरा निवाडा त्यावरच होतो.

कारण बिघडलेली जमीन एका प्रकारची नसते. नुसती पाणथळ, म्हणजे चिबड जमीन असेल तर पाणी काढून दिलं की ती दोन-तीन हंगामांत सावरते. क्षारयुक्त असेल, म्हणजे क्षारता ४ च्या वर पण सामू साडेआठच्या आत, तर निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुवावे लागतात. तिथे जिप्सम या कॅल्शियमयुक्त खनिजाची गरज नसते. चोपण असेल तर गोष्ट वेगळी. सामू साडेआठच्या वर जातो, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांवर बसलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या पुढे जातो, मातीचे कण एकमेकांना सोडून देतात आणि पाणी मुरायचंच थांबतं. तिथे जिप्सम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं आणि तो सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. पण ते पाणी बाहेर गेलं नाही तर सोडियम त्याच शेतात राहणार. निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम हे वाया घालवलेले पैसे आहेत. ज्या जमिनीत मुळातच चुनखडी भरपूर आहे तिथे जिप्समऐवजी गंधक वापरून तीच चुनखडी कामाला लावता येते. आणि क्षारयुक्त-चोपण असा दोन्ही दोष असलेला प्रकारही आमच्याकडे आहे. तिथे नुसतं धुवायला गेलं तर क्षार निघून जातात, सोडियम राहतो आणि जमीन आधीपेक्षा घट्ट होते.

एकाच शिवारात, एकाच ओढ्यावर हे चारही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. म्हणून सरसकट अनुदानावर जिप्समची पोती वाटणं किंवा सरसकट एकाच अंतरावर सच्छिद्र पाईप टाकणं, या दोन्ही गोष्टींतून काहींचं भलं होतं आणि काहींचा पैसा मातीत जातो. ज्यांचा जातो ते पुढे दहा वर्षं कुठल्याच योजनेवर विश्वास ठेवत नाहीत.

सुधारणा होते, यात शंका नको. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. क्षारपड जमिनीचा अनुभव असलेलं केंद्र जिल्ह्यातच असताना आपल्याला बाहेर कुठे जायचीही गरज नाही. शेजारी शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून भूमिगत निचऱ्याचं मोठं काम उभं केलं. ते पाहायला आमच्या भागातले शेतकरी जाऊन आलेत. एकेकाने आपापल्या गटात पाईप टाकून भागत नाही, पाणी शेवटी कुठे सोडायचं ते आधी ठरावं लागतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

त्यातूनच माझा पुढचा आग्रह आहे. नकाशा गावाच्या शिवेवर कापू नका. पाणी शीव ओळखत नाही. ओढ्याचं पाणलोट किंवा पाणीपुरवठा संस्थेचं लाभक्षेत्र हा एक तुकडा धरा आणि काम ओढ्याच्या तोंडापासून वर न्या. ओढ्याची मूळ रुंदी किती, आज किती उरली, कुणाच्या बांधाने ती अडली, पाणंद रस्ता करताना नळ्या किती उंच बसवल्या, हे सगळं त्या नकाशावर यावं. या नोंदी कुणालाच आवडणार नाहीत. पण ओढ्याचा तळ शेतातल्या पाईपपेक्षा उंच असेल तर सगळा खर्च व्यर्थ आहे, आणि हे पाईप टाकल्यावर कळण्यात काय अर्थ? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आले तेव्हा नदीचं पाणी उतरल्यावरही कित्येक शिवारांतलं पाणी हललं नाही. कुठलं पाणी किती दिवस थांबलं, हे त्या त्या गावातल्या लोकांना गटासकट ठाऊक आहे. तेवढं जरी लिहून घेतलं तरी नकाशाचा पहिला खर्डा तयार होईल.

उपग्रहाची मदत घ्यावीच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एका गुंठ्याएवढा असतो आणि दर काही दिवसांनी नवं चित्र येतं. ऊस तुटल्यावर, उन्हाळ्यात, पांढरे पट्टे त्यात ओळखू येतात. गेल्या आठ-दहा वर्षांची चित्रं एकापुढे एक ठेवली तर कोणत्या गटात पिकाचा हिरवेपणा वर्षागणिक घटत गेला, हेही दिसतं. पण उपग्रहाला मर्यादा आहेत. आडसाली उसाखाली झाकलेली जमीन त्याला दिसत नाही. चोपण जमीन पांढरी नसतेच, ती काळी आणि कडक असते. उसाचा हिरवेपणा क्षारानेच घटला की हुमणी किडीने, तेही वरून कळत नाही. म्हणून उपग्रहाकडून एवढंच विचारावं: खड्डा कुठे घ्यायचा? उत्तर खड्ड्यातच मिळेल. मीटर-सव्वा मीटर खोल खड्डा, थराथरातले नमुने, आणि पाणी किती खोलीवर लागलं त्याची नोंद.

पाण्याची पातळी मोजायला फार पैसा लागत नाही. दोन-अडीच मीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप जमिनीत उभा गाडायचा आणि आत खूण केलेली काठी सोडायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, पण त्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा साठा किती उरला हे पाहण्यासाठी आहेत. त्या मोजक्या विहिरींवरून उसाच्या मुळांखालचं पाणी समजणार नाही. प्रत्येक ओढ्यावर असे वीस-पंचवीस पाईप बसवले आणि शेतकऱ्यांनीच महिन्याला एकदा मोजून नोंद केली, तर दोन वर्षांत चित्र स्पष्ट होईल. २०२१ पासून आम्ही ई-पीक पाहणी करतोय. मोबाईलवर आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो टाकणं गावागावात लोकांनी आत्मसात केलंय. त्याच सवयीला ही एक नोंद जोडता येईल. कृषी महाविद्यालयांतली शेवटच्या वर्षाची मुलं ग्रामीण कार्यानुभवासाठी गावांत राहतात. दरवर्षी त्यांच्याकडून प्रात्यक्षिकं करून घेतली जातात, ती होऊ देत, पण त्यांना आपल्या गावाच्या ओढ्यावरचे खड्डे आणि पाईप वाटून दिले तर त्यांचंही शिक्षण अधिक पक्कं होईल.

कृष्णाकाठाबद्दल एवढं लिहिलं, पण जिल्ह्याचा पूर्वभाग यातून वगळला तर मोठी चूक होईल. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि खानापूरच्या माळांवर जमीन वेगळ्या कारणाने जाते. उथळ मुरमाड जमीन, उतार, आणि वळवाचा एकच झोडपणारा पाऊस. एका हेक्टरवरून १ मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर ती १० घनमीटर माती होते, वजनाने १३ टनांच्या आसपास. डोळ्याला काहीच दिसत नाही. जिथे मातीच मुळात वीतभर आहे तिथे हा तोटा कृष्णाकाठच्यासारखा सोसण्याजोगा नसतो. दुष्काळातल्या कामांवर घातलेल्या बांधबंदिस्तीचे जुने बांध कित्येक ठिकाणी फुटून गेलेत, काही मशीन लावून काढून टाकलेत. कुठले उभे आहेत आणि कुठले नाहीत, हेही जमिनीच्या नकाशात यायला हवं. हीच परिस्थिती शेजारी सातारा जिल्ह्यात माण-खटावला आहे आणि दोन्ही जिल्ह्यांनी मिळून हे काम केलं तर अधिक बरं.

आणि आता याच भागात पाणी पोचतंय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी या भागातली माणसं कित्येक वर्षं रस्त्यावर उतरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींसारख्या माणसांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून हा प्रश्न लावून धरला. त्या पाण्याचं मोल मला पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, जिथे पाणी नुकतं आलंय किंवा येत्या दोन-तीन वर्षांत येणार आहे, तिथल्या खोलगट भागातल्या काळ्या जमिनीचे नमुने आत्ताच घ्या. आज तिथली क्षारता किती, विहिरीचं पाणी किती खारं, भूजल किती खोल, याची पहिली नोंद आत्ता झाली तर दहा वर्षांनी बदल कळेल. कृष्णाकाठी अशी पहिली नोंद आमच्या हाती नाही. त्यामुळे आज आमची जमीन कधीपासून आणि किती वेगाने बिघडली, हे आम्ही फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवरून सांगतो. जतच्या शेतकऱ्यावर ती वेळ येऊ नये.

दोन छोट्या गोष्टी, पण याच नकाशात बसणाऱ्या. नदीकाठची मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची, सुपीक माती वीटभट्टीला विकली जाते. तीन-चार फूट माती उचलली की तो गट शेजारच्यापेक्षा खोल होतो आणि पाणी तिथे साठतं. असे गट नोंदवा. आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून २०१७ पासून तलावांचा गाळ शेतात जातोय. पूर्वभागातल्या उथळ जमिनीला तो वरदान आहे, पण ज्या तलावात वर्षानुवर्षं पाणी आटून क्षार साठलेत तिथला गाळ न तपासता पसरवला तर आपण हाताने क्षार नेऊन टाकतोय. गाळाचा एक नमुना तपासायला किती खर्च येतो?

शेतकऱ्यांच्या मनातली एक भीती मी इथे मांडणार आहे, कारण ती खरी आहे आणि तिच्यामुळे हे काम अडू शकतं. माझा गट क्षारपड म्हणून नकाशावर आला तर बँक पीककर्ज देताना नाक मुरडेल का? जमिनीचा भाव पडेल का? रस्त्यासाठी संपादन झालं तर मोबदला कमी मिळेल का? गावात या विषयावर बोलायला बसलो की दुसऱ्या मिनिटाला हे प्रश्न येतात. कित्येकजण स्वतःच्या शेतातला पांढरा पट्टा माहीत असूनही तो इतरांना कळू देत नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून समितीने लेखी ठरवावं की ही नोंद सातबाऱ्यावर किंवा फेरफारात येणार नाही, ती मातीच्या नकाशाचा वेगळा थर म्हणून राहील, आणि कर्ज, मूल्यांकन किंवा संपादनासाठी ती वापरता येणार नाही. ती फक्त एकाच कामासाठी वापरली जाईल: सुधारणेत कुणाचा नंबर आधी लावायचा. हे आश्वासन ग्रामसभेत वाचून दाखवलं, तर लोक स्वतःहून गट नंबर सांगायला पुढे येतील. मला याची खात्री आहे.

नकाशा संगणकात ठेवून भागणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, गट नंबरासकट. माणसं त्याच्यासमोर उभी राहतील, वाद घालतील, इथे चुकलंय म्हणतील. चुकलं असेल तर दुरुस्त करा. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला आपलं पाणी खाली कुणाच्या शेतात निघतं हे त्या भिंतीवर पहिल्यांदा दिसेल आणि मग ठिबकबद्दल त्याच्याशी बोलणं सोपं जाईल. पाणीपुरवठा संस्थेला आपल्याच लाभक्षेत्रातला बिघडलेला पट्टा दिसला, तर पाळी किती दिवसांनी द्यायची यावर सभेत चर्चा होईल.

समितीकडे माझं मागणं एवढंच आहे. येत्या आराखड्यात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करा. सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. वाळवा, पलूस आणि मिरजेतला प्रत्येकी एक ओढा, आणि जत किंवा आटपाडीतलं एक नव्याने पाणी आलेलं लाभक्षेत्र, अशी चार ठिकाणं घ्या. कृषी, जलसंपदा, भूमी अभिलेख आणि भूजल या चार खात्यांना आणि कसबे डिग्रजच्या केंद्राला एका टेबलाशी बसवा. आज प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे आणि तो दुसऱ्याच्या तुकड्याला जोडलेला नाही. मोजणीची पद्धत, खोली आणि महिने आधी लिहून ठरवा, म्हणजे पाच वर्षांनी तीच मोजणी पुन्हा करता येईल. पहिले नमुने एप्रिल-मेमध्ये, ऊस तुटल्यावर आणि पाऊस पडायच्या आधी, घेतले जावेत. दुसरे पाऊस संपल्यावर, त्याच खड्ड्यांच्या शेजारी.

आमच्या ओढ्यावरच्या खातेदारांशी माझं बोलणं झालंय. खड्डे घ्यायला आपापला गट उघडा करायला ते तयार आहेत, पाईप गाडायची जागाही त्यांनी दाखवली आहे. खोदाईला माणसं आमची असतील. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पाहणीला कुणाला कधी पाठवताय ते ग्रामपंचायतीला कळवावं.

आपला विश्वासू,
कृष्णाकाठचा एक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली